हजेरी पूर्ण

१२ नोव्हेंबर १९८४, सेलू
सकाळच्या पॅसेंजरने उतरलो. कापसाच्या गाड्यांची रांग पार स्टेशनपर्यंत आलेली. जेवायला गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली. झकास सुरुवात! कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. काम असे: अपघातानंतर कारखाना किती वेळात सावरतो, ते मोजायचे. मुकादम सूर्यभान हसून म्हणाला, आमी पडतच न्हाई सायेब, सावरायचं काय?

१४ नोव्हेंबर
पहिली तालीम. भोंगा दिला. चाळीस सेकंदांत यंत्रे थांबली, माणसे मैदानात आली. हजेरी झाली, बासष्टपैकी बासष्ट. अकराव्या मिनिटाला काम पुन्हा सुरू. मागच्या नोकरीत याला पाऊण तास लागायचा. अहवाल छान होणार.

१७ नोव्हेंबर
जुने हजेरीपट चाळले. नऊ वर्षांत अकरा अपघात, तरी पटावरचे एकही नाव कमी झालेले नाही. रुईच्या गाठी बांधणाऱ्या आश्रुबाचा हात १९७७ साली प्रेसमध्ये गेला, अशी नोंद आहे. आजच्या आश्रुबाला दोन्ही हात आहेत आणि वय फार तर पंचवीस. सूर्यभानला विचारले. तो म्हणाला, नाव कामाचं असतंय, माणसाचं न्हाई. एक गेला की दुसरा त्याच नावानं उभा ऱ्हातो. म्हणून तर आमी लवकर सावरतो.

१९ नोव्हेंबर
सरकी वाहणाऱ्या कडूबाईने हळूच सांगितले, ती इथली तिसरी कडूबाई. मग तिचे खरे नाव काय, विचारले. डोक्यावरची पाटी उतरवून तिने आठवून पाहिले. आठवले नाही.

२१ नोव्हेंबर
तालीम. सहा मिनिटे.
पटावर माझ्या जागी रंगनाथऐवजी दिनकरराव लिहिले आहे. माझ्या आधीचा अधिकारी. मी चिडलो तर सगळे हसले. सूर्यभान म्हणाला, दिनकरराव, नवीन आल्यावर तुमी दर वेळी असंच भांडता.

२२ नोव्हेंबर
घरून आलेले पत्र फाटकावरूनच परत गेले. रंगनाथ नावाचं हितं कुणी न्हाई, असे रखवालदाराने पोस्टमनला सांगितले म्हणे. उद्या दुपारची गाडी धरायचीच.

२३ नोव्हेंबर
रुईच्या गोदामाची शेवटची पाहणी करून निघणार होतो. भोंगा झाला— मी दिलेला नाही. दार बाहेरून बंद. गाठींमागून धूर—

ओरडलो, रंगनाथ आत आहे. दाराशी सूर्यभानचा शांत आवाज. म्हणतो, ह्या नावाचं पटावर कुणी न्हाई. पटावरचा असल तर हजर म्हण, उघडतो.

हजेरी चालू आहे. दिनकरराव—

पुन्हा तेच नाव. तीन मिनिटे झाली. अक्षर दिसत ना—

एकदाच हजर म्हणतो. बाहेर पडलो की सगळ्यांसमोर सांगेन, मी दिनकरराव नाही, मी—