पातीशिवाय क्लॅरिनेट

शनि. १७ जानेवारी

संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटं. घड्याळ पाहिलं होतं. लवळ्याच्या कॉलेजचं सभागृह, मी शिकवते त्या नांद्याच्या शाळेच्या बॅण्डचा कार्यक्रम. नववीतल्या रुपालीचा एकटीचा तुकडा आला. उभी राहिली, क्लॅरिनेट ओठांना लावलं, बोटं बिनचूक फिरली. सूर आला तो शेजारी आधाराला बसवलेल्या सुभेदारांच्या क्लॅरिनेटमधून. सरळ, इस्त्री केलेला.

टाळ्या. पाहुण्यांच्या हस्ते तिला ‘उत्कृष्ट एकल वादन’ प्रमाणपत्र. खाली मान घालून घेतलं.

तिची आई शेळ्या लवकर बांधून आली होती. बाहेर मला म्हणाली, “बाई, त्यो आवाज माझ्या पोरीचा न्हाई.”

म्हटलं, घाबरली असेल.

“घाबरली आसंल तर गप बसंल. दुसऱ्याचं कसं वाजंल?”



रवि. १८

रुपालीकडे गेले. नव्या टॉवरांच्या मागे घर. म्हणाली, “सुभेदार सरांनी पाती काढून घेतली. म्हनले, आज नुसती बोटं फिरव.”

तोंडाशी थरथरणारी वेताची ती पाती नसली की कितीही फुंका, हवाच जाणार.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमीच म्हनला हुता, ष्टेजवर गेल्यावर तक्रार करायची न्हाई.”

नियम माझाच. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी मला घोटून शिकवला, मी पुढे चाळीस वर्षं वाटत फिरले. चहा घेतला नाही. घेता आला नाही.

मंगळ. २०

मुख्याध्यापक. “मॅडम, संस्थेची माणसं होती. रुपाली शेवटचा सूर खाली ओढते. ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं.”

चुकल्यासारखं! जूनपासून दुसरं काय चाललंय? एकेका मुलाशेजारी एकेक मुरलेला वादक. त्याने आधार द्यायचा, मुलाने आपल्या स्वभावाने वाजवायचं. रुपाली शेळ्यांना हाक मारते तसा शेवटचा सूर लांबवून अलगद खाली सोडते. तो कुणी शिकवलेला नाही. बाकीचे सगळे अजून पुस्तक वाजवतात.

म्हटलं, “मग मुलं कशाला बसवलीत? पुतळे बसवायचे. गणवेश जास्त नीट राहिले असते.”

“फोटो मात्र छान आलेत, मॅडम.”

हा माणूस मराठी शिकवतो. देव त्या भाषेचं रक्षण करो.

बुध. २१

सुभेदारांना फोन. लष्करी बॅण्डमध्ये उभा जन्म गेलेला.

“हुकूम होता, बाई.”

“हुकूम? निवृत्त झालात ना तुम्ही?”

हळूच म्हणाले, “दिवाळीनंतर मीच तिला सांगितलं होतं, हा सूर सोडू नकोस म्हणून.” आणि फोन ठेवून दिला. मनसोक्त रागावायचं ठरवलं होतं. तेही धड...

शुक्र. २३

रुपालीची आई दारात. हातात क्लॅरिनेटची पेटी, वर ते प्रमाणपत्र. “आता न्हाई वाजवायचं म्हनतीया. कागद बी घरात नको म्हनतीया.” रुपाली फाटकाबाहेर शेळ्यांपाशी. आत आली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

म्हटलं, लहर आहे, जाईल.

“लहर न्हाई, बाई. शनवारपास्नं शेळ्यांनाबी हाक मारत न्हाई. काठीनं वळवती.”

दिवसभर काही सुचलं नाही. जेवण तसंच झाकून ठेवलं.

शनि. २४

आज शाळेत पत्र देऊन पोच घेतली. शिपाई म्हणाला, “लई कडक लिवलंय जनू.” न वाचताच. नक्कल:

मा. मुख्याध्यापक, रुपालीने न केलेल्या वादनाचं प्रमाणपत्र सोबत परत करत आहे. पाती कोणाच्या सांगण्यावरून काढली, ते नावानिशी कळवावं. हे तिच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर, आपण कोणत्या दिवशी कबूल करणार? पुढच्या कार्यक्रमात तो तुकडा कोण वाजवणार, आणि शेवटचा सूर कसा? व्यासपीठावर तक्रार करू नये हा नियम माझा होता. तो मी मागे घेतला आहे, याची नोंद व्हावी. ती पुन्हा वाजवेल की नाही, मला ठाऊक नाही. आपल्यालाही नाही. म्हणूनच तोंडी निरोप, ‘बघू’, ‘चहाला या’ यांपैकी काहीही चालणार नाही. उत्तर लेखी, सहीनिशी, शनिवार ३१ जानेवारी, दुपारी बाराच्या आत.