उत्कर्षाच्या हनुवटीबद्दल

पोरीचा रेझर मोरीतून उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा तुला काय अधिकार होता, ते आधी सांग. खुशाली नंतर विचारीन. तोंडाने विचारायला गेले की तू पायात चपला सरकवतोस आणि मार्केट यार्डातल्या गाळ्यावर पळतोस, म्हणून वहीची पानं फाडून लिहितेय. हे डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे. जेवायच्या आधी वाच. नंतर वाचलंस तर भाकरी पचायची नाही.

प्रिय विक्रम,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज तू मला काही प्रिय नाहीस.

तुला वाटतं आईला काय कळतं, आई चौथी शिकलेली. पण तुझ्या पोरीबरोबर शनिवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे पाच वेळा जिना चढून कोण गेलं? गुडघे धरत मीच गेले. तू म्हणालास, करा ते लेझर का फिझर, पण लग्नाच्या आधी उरका. ते काय असतं हे विचारायला तुला सवड नव्हती. आता विचारलं नाहीस तरी सांगते.

पहिल्या दिवशी त्या बाईंनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. पोरीला पाळीचं विचारलं, रक्त तपासायला पाठवलं, पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. म्हणाल्या, आजी, हिच्या हार्मोनची गडबड आहे, म्हणून हनुवटीवर असे राठ केस येतात. गोळ्याही घ्याव्या लागतील, नुसत्या लेझरने भागायचं नाही. केस पुष्कळ कमी होतील, बारीक होतील, पण एकूण एक जातील आणि परत तोंड दाखवणार नाहीत असं मी लिहून देणार नाही. मला बाई तिथेच आवडली. मंडईत वीस वर्षं भाजी विकली मी. सुकलेल्या जुडीला कोवळी म्हणणारी माणसं मला लांबून ओळखू येतात.

मी विचारलं, त्या उजेडाने केस मरतो कसा? त्या म्हणाल्या, उन्हात काळी साडी जास्त तापते की पांढरी? काळी. तसंच आहे. तो उजेड केसाचा काळा रंग धरतो, तापतो, आणि ती ऊब खाली मुळापर्यंत उतरून मूळ भाजून काढते. म्हणून मूळ जागेवर पाहिजे. म्हणून धागा नाही, चिमटा नाही, वॅक्स नाही. वरचा केस तेवढा आदल्या दिवशी रेझरने काढायचा, नाहीतर तो वरच्या वर जळून कातडी पोळते. एवढी साधी गोष्ट. मला एकदा सांगून कळली. तू बारावी झालास.

आणि पोरीने काय सोसलं तेही ऐक. डोळ्यांवर काळा चष्मा. हनुवटीला गार जेल. मग टक्, टक्, टक्, रबर ताणून कातडीवर सोडावं तसं, आणि ओठाच्या वर तर डोळ्यांतून पाणी यायचं. खोलीभर कोंबडी भाजताना पिसं जळतात तसा वास. घरी आली की हनुवटीवर डास चावल्यासारखे लाल फोड, फडक्यात बर्फ गुंडाळून मी धरायची. उन्हात जायचं नाही, मलम लावल्याशिवाय गॅलरीतसुद्धा नाही. आठ-दहा दिवसांनी केस परत वर आले तेव्हा ती रडायला लागली, म्हणाली वाया गेलं सगळं. तसं नव्हतं. जळके केस बाहेर ढकलले जात होते. पंधराव्या दिवशी आपोआप गळले. पण एका खेपेत काम होत नाही, कारण सगळे केस मेथीच्या वाफ्यासारखे एकदम उगवत नाहीत. काही कातडीखाली झोपलेले असतात. ते जागे झाले की त्यांची पाळी. म्हणून महिना-दीड महिन्याने जायचं, सहा वेळा, आठ वेळा, लागलं तर पुढेही मधूनमधून.

तिसऱ्या वेळेनंतर तिने घरात स्कार्फ काढला. तुझ्या लक्षात आलं होतं का? पुण्यातल्या सगळ्या पोरी गाडीवर तोंड बांधतात, म्हणून कुणाला कळलं नाही की आपली जेवायला बसतानाही बांधते. चार वर्षं पोरगी पातळ भाजी टाळायची, स्कार्फला डाग पडतो म्हणून. त्या दिवशी उघड्या तोंडाने तिने आमटी ओरपली. तू मोबाईलवर कांद्याचा भाव बघत होतास.

मग पोरीला बघायला पाहुणे यायचे ठरले, आणि मागच्या आठवड्यात बुधवारी तुला मोरीत रेझर दिसला. केवढा आरडाओरडा. पोरीच्या जातीला वस्तरा? केस दुप्पट येतील, लोक म्हणतील विक्रमची पोरगी दाढी करते. दुप्पट-बिप्पट काही येत नाहीत, टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं, हेही त्या बाईंनी सांगितलं होतं. शर्मिला म्हणाली, अहो, डॉक्टरांनी बजावलंय, मुळातून उपटायचं नाही. तू म्हणालास, डॉक्टरला काय लग्न लावायचंय? रविवारी तोंड लख्ख दिसलं पाहिजे. झालं. गुरुवारी पार्लरची दीपाली घरी आली आणि गरम वॅक्सने सगळं मुळासकट ओरबाडून गेली. आधीच मशीनने नाजूक झालेली कातडी, त्यावर हे; रात्रीतून फोड आले. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी हनुवटी बघितली आणि मशीन ठेवूनच दिलं. म्हणाल्या, मुळंच नाहीत, मी भाजू काय? आणि हे फोड आधी बरे झाले पाहिजेत, नाहीतर काळे डाग राहतील. दीड महिन्याने या.  घरी येऊन पोरीने परत स्कार्फ बांधला.

हेही मी गिळलं असतं. अडाणीपणा माणसाकडून होतो.

पण रविवारी तू जे केलंस तो अडाणीपणा नव्हता. मुलाच्या आईने, त्या प्रेमलाबाईंनी, पोरीला खिडकीपाशी बसवलं, हनुवटीकडे बघितलं आणि विचारलं, हे काय आहे? बरं विचारलं. तोंडावर विचारणारी बाई मला परवडते. सरळ सांगायचंस, केस येतात, औषध चालू आहे, वेळ लागेल. तू हातात चहाचा कप धरून हसलास. म्हणालास, आमच्या मुंढव्याच्या घराण्यात असलं काही नाही हो, हे तिच्या आईच्या माहेरचं. शर्मिला पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिने बशा ठेवल्या आणि आत गेली. पाहुणे गेल्यावर तू मला विचारलंस, हिला काय झालं?

काय झालं ते सांगते. सोमवारी उत्कर्षा आईला म्हणाली, मला जन्माला घालायच्या आधी एकदा आरसा बघायचास. त्याच्यानंतर माय-लेकीत बोलणं बंद. एका खोलीत झोपतात आणि पाण्याचा तांब्या मी इकडून तिकडे देते. पोरगी म्हणते, रक्तातच आहे तर कशाला मशीन आणि कशाला गोळ्या, मी परत जाणार नाही. कॉलेजलाही गेली नाही चार दिवस. आणि शर्मिला? काल ती माहेरी फोन करून थोरल्या बहिणीला विचारत होती, आपल्या आत्यांपैकी कुणाला होतं का गं असं? तुझ्या एका वाक्यावर ती बाई आपल्या सात पिढ्यांच्या हनुवट्या शोधत बसलीय.

आता हे का लिहितेय ते वाच. तिला सापडणार नाही, कारण ते तिच्याकडचं नाहीच. ते माझं आहे. लग्न होऊन मुंढव्याला आले तेव्हा मला तुझ्या पोरीपेक्षा दाट दाढी होती. दर शनिवारी पहाटे तुझे अण्णा मला गोठ्यामागे कडब्यावर बसवून स्वतःच्या वस्तऱ्याने दाढी करून द्यायचे, कारण हनुवटीखाली माझा हात थरथरायचा. सव्वीस वर्षं. तुझ्या आजीला त्यांनी पत्ता लागू दिला नाही, आणि मला कधी एका शब्दाने टोमणा मारला नाही. ते गेल्यावर माझी मी करते. पोरगी खोलीबाहेर गेली तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझ्यावरही फिरवा की ते मशीन. त्या म्हणाल्या, आजी, तुमचे पांढरे झाले, उजेडाला धरायला काळं काही उरलं नाही. म्हणजे मी आता मरेपर्यंत वस्तरा धरायचा. त्याचं मला काही नाही. पण रविवारी तू ते बोललास तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आणि बहात्तर वर्षांची बाई, एवढ्या मोठ्या तोंडाची, पदर हनुवटीवर ओढून गप्प बसले. अर्धा राग माझा माझ्यावर आहे. उरलेला सगळा तुझा. रविवारपासून मी दाढी केलेली नाही. आज संध्याकाळी जेवायला बसलास की माझ्या तोंडाकडे नीट बघ. तुझं घराणं दिसेल. उत्कर्षालाही तेव्हाच दाखवणार आहे. प्रेमलाबाईंना मीच फोन करून सांगेन, त्यांना पटलं तर येतील, नाही तर त्यांचा लेक पृथ्वीराज त्यांना लखलाभ. या पत्राचं उत्तर मला नको. उत्तर तू शर्मिलाला द्यायचंस, उत्कर्षासमोर, उभं राहून, स्वतःच्या तोंडाने. मी मध्ये बोलणार नाही आणि तुला पायात चपला सरकवू देणार नाही.

तुझीच, नाइलाजाने,
आई