अर्जातली शेवटची ओळ

आप्पा, तुम्ही गेलात आणि तुमच्या टाइपरायटरच्या जागी आता माझा कॉम्प्युटर आहे. तहसील कचेरीसमोरचं लिंबाचं झाड तेच, टेबलाच्या पायाखाली तुम्ही सरकवलेली फरशीही तिथंच. अर्ज लिहून घ्यायला माणसं अजून येतात. बदलली ती शेवटची ओळ. हल्ली 'मागणी मान्य न झाल्यास सव्वीस जानेवारीला कार्यालयासमोर आत्मदहन करीन' असं लिहिल्याशिवाय अर्जाकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून ती ओळ मी तयारच ठेवलीय. बटण दाबलं की येते.

मी कॉलेजात असताना एकदा तुम्ही जेवायला गेला होतात आणि मी एकाला हीच ओळ टाइप करून दिली. परत येऊन तुम्ही कागद मशिनमधून ओढलात, चारचौघांत मला झापलंत. "बोलायचा हक्क हाय म्हणून मरायचंबी बोलायचं व्हय गं? आन् तेबी दुसऱ्याच्या तोंडून?" तुम्ही प्रत्येकाला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचात, मगच सही घ्यायचात. त्या माणसानं दुसरीकडून लिहून घेतलं. त्याचं काम आठवड्यात झालं. मी ते तुम्हाला मुद्दाम ऐकवलं, तर तुम्ही रिबन बदलत बसलात.

यंदा घोडेगावकडचे एक म्हातारे टेलरकाका आले. त्यांच्या वस्तीचा रस्ता शेजाऱ्यानं दगड टाकून अडवलेला. नातीची शाळेची गाडी येईना. चार अर्ज देऊन झाले होते, हा पाचवा. ते चष्मा घरीच विसरले होते. "तुमी लिव्हलंय म्हंजी बरुबरच आसंल ताई, सही कुटं करू?" माझ्यापुढं अजून सातजण उभे होते, डोकं दुखत होतं. वाचून दाखवायचा कंटाळा केला आणि बटण दाबलं. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं, आप्पा. एका शब्दानं नाही.

पोलिसांची नोटीस घरी गेली तेव्हा त्यांना कळलं. ती घेऊन आले. "ताई, ह्ये मी कवा बोललो?" मी म्हटलं, काका, असं लिहावंच लागतं, खरं कुणी करत नाही. नोटिशीची घडी घालत ते म्हणाले, "पर सही माझी हाय न्हवं?" आणि गेले. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन संपता संपता, धुतलेले पांढरे कपडे घालून ते आले आणि अंगावर डिझेल ओतलं. पोलिसांनी झडप घातली म्हणून वाचले. झटापटीत उजवं मनगट मोडलं. आता कात्री धरता येत नाही, वर गुन्हा दाखल झालाय तो वेगळाच. हवालदार मला विचारायला आला, ही ओळ कुणाची? मी म्हटलं, काकांनीच सांगितली. नगरच्या दवाखान्यात त्यांनाही विचारलं. "व्हय, मीच सांगितली. ताईंनी निस्तं लिव्हलं." हवालदार वर मलाच म्हणतो, लई सरळ माणूस हाय.

रस्ता झाला. आठवड्यातच झाला. त्या नव्या मुरमावरून मी काकांना भेटायला निघाले होते, निम्म्यातून परत आले. लाज वाटते हो आप्पा, फार लाज वाटते.

खरं काय ते सगळं वर लिहिलंय. तुमच्यासारखं मोठ्यानं दोनदा वाचलं, एक शब्द खोटा नाही. प्रिंटही काढलीय. तुम्हाला कुठं धाडणार. पण सही केली तर पोलिसांपुढं ठेवता येईल. सकाळपासून पेन हातात आहे, आणि सही अजून केलेली नाही.