विहिरीवरची पाळी

११ फेब्रुवारी १९७४

दादाची मेथी पुन्हा हिरवीगार. माझी वांगी माना टाकून! विहीर एक, मोटर एक, माती एक. एक दिवस पाण्याची पाळी त्याची, एक दिवस माझी — वाटणीच्या वेळी ठरलं तसंच. मग हा फरक आला कुठून? मी वाशीमला रेडिओच्या दुकानात बसतो, तेवढ्या वेळात मळ्यात काय चालतं, देव जाणे. दादाला सारं गाव म्हणतं, गुलाबराव म्हणजे देवमाणूस. म्हणेना का! त्याच्याबरोबर विहीर वाटून घ्यायची पाळी गावावर कुठं आली आहे?

१४ फेब्रुवारी

अंजनाला विचारलं, माझ्या पाळीला दुसरं कोणी मोटर चालवतं का? म्हणाली, "मले काय मालूम? मी रांधू का मोटर पाहू?" बोलताना नजर चुलीकडे. बायको माझी, पण सीतावहिनीशी तिचं फार गूळपीठ. आम्हाला लेकरू नाही. वहिनीचीच लेकरं हिच्या अंगाखांद्यावर. कोणाच्या बाजूनं आहे, काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी

ठरलं. एक पेटी करायची! रेडिओचं जुनं लाकडी खोकं आहेच. घरी टेबलाशी बसल्या बसल्या सगळं दिसलं पाहिजे — विजेची लाइन आहे का, मोटर चालू की बंद, विहिरीत पाणी किती. लाइनीला पिवळा दिवा, मोटरीला लाल. पाण्याला तीन हिरवे, एकाखाली एक. विहिरीत पत्र्याचा बंद डबा तरंगत ठेवायचा. पाणी उतरलं की डबा उतरेल, वरचा दिवा विझून खालचा लागेल. साधं काम आहे. चोराला मात्र जड जाईल.

२३ फेब्रुवारी

डब्याच्या फटी डाख देऊन बुजवल्या, डबा विहिरीत सोडला. तार कुंपणावरून घरापर्यंत ओढली. दादा कठड्यावर बसून पाहतच होता.

"काय करून राह्यला रे दौलत?"

म्हटलं, रेडिओची एरियल.

"मंग काय आता विहिरीत गाणे वाजोतं?" असं म्हणून हसला. मनमोकळं हसला. इतकं मनमोकळं हसायला काय झालं?

२४ फेब्रुवारी

चालली! पिवळा लागला, लाल लागला, वरचा हिरवा लागला. दुकानात इतके रेडिओ दुरुस्त केले, पण असा आनंद झाला नव्हता. अंजना पदराला हात पुसत आली. बराच वेळ पाहत राहिली. "पान्याचं दिसते, मोटरीचं दिसते. मानसाचं काई दिसते का याच्यात?" म्हटलं, माणसाचंच दिसावं म्हणून केली आहे. ती चुलीकडे परत गेली.

१ मार्च

माझी पाळी. मोटर मीच बंद ठेवलेली. लाल दिवा विझलेला. तरी वरचा हिरवा गेला आणि मधला लागला! मोटर बंद आणि पाणी उतरलं — हे होईलच कसं? म्हणजे दादा माझी तार चुकवून मोटर चालवतो. म्हणजे तार कशाची, ते त्याला कळलं. म्हणजे कोणीतरी सांगितलं. पेटी पाहिली आहे कोणी? एकट्या अंजनानं.

४ मार्च

खालचा दिवा. जेवण गेलं नाही. अंजनाही जेवली नाही. हिला काय झालं? मन खात असेल.

७ मार्च

ऐकलं! स्वतःच्या कानांनी ऐकलं!

दुकानातून लवकर आलो. मागच्या पडवीत अंजना आणि सीतावहिनी. अंजना हळू आवाजात सांगत होती, "दोन डाव पाळी चुकली, बाई. यायले सांगू नका. आदी पक्कं होऊ द्या." वहिनी म्हणाली, "मी कायले सांगतो? पन कवापावतर लपवसीन?"

उलट्या पावली फिरलो. दोन पाळ्या! माझ्या हक्काच्या! आणि पक्कं काय व्हायचं आहे? विहीर दादाच्या नावावर? घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथं तर बायकोच फिरली.

८ मार्च, सकाळ

आज सोक्षमोक्ष लावला. विहिरीवर बायका धुणं धूत होत्या, दोन-चार माणसं बैलांना पाणी पाजायला आलेली. म्हटलं, उत्तम. होऊ दे चारचौघांत. दादा मोटरीपाशी होता.

"माह्या दोन पाळ्या कुठं गेल्या?"

"कोनत्या पाळ्या?"

"अंजनाच्या तोंडून आयकलं म्या! दोन डाव पाळी चुकली म्हने. आन ते तुयापायी! नाई म्हन!"

धुण्याचा आवाज थांबला. शेजारमळ्यातल्या भागिरथाबाईनं पदर तोंडात धरला. दादाचा चेहरा पांढराफटक. होता तिथंच खाली बसला. चोराच्या मनात चांदणं! बरं झालं, सगळ्यांनी पाहिलं. साक्षीदार आयते मिळाले.

८ मार्च, दुपार

सीतावहिनी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भाऊजी, ते पान्याची पाळी नोये. बाईची पाळी हाय. अंजनाले दिवस गेले. नऊ वर्सानं." मग म्हणाली, "आन तुमी सगळ्याइसमोर आपल्या भावाचं नाव घेतलं."

दादा अंजनाचा थोरला दीर. डोक्यावर पदर घेतल्याशिवाय अंजना कधी त्याच्यासमोर उभी राहिलेली नाही. मी सकाळी काय काय बोललो, ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. एखादा तरी शब्द वेगळा असेल म्हणून. नाही. काय करून बसलो मी हे!

९ मार्च

विहिरीत उतरलो. पाणी होतं तिथंच आहे! डब्याचा डाख नीट बसला नव्हता. थेंब थेंब पाणी आत जात होतं, डबा बुडत होता, आणि मी घरी बसून म्हणत होतो, पाणी उतरलं.

दादाच्या दारात गेलो, पायावर डोकं ठेवलं. त्यानं पाय मागे घेतले नाहीत. ऊठ असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला — "विहीर तू घे. म्या आता तेथी पाय ठेवत नाई." मी रडलो. तो नाही रडला.

१२ मार्च

दिसेल त्याला सांगत फिरलो — पाण्याची पाळी हो, पाण्याची! ज्याला सांगतो तो मान हलवतो. "हव ना, पान्याचीच." आणि गालात हसतो. जितकं सांगतो तितकं ते घट्ट होत चाललं आहे. आता गप्प बसलो, तरी लोक म्हणतील, काहीतरी असेलच!

१३ मार्च

अंजना आज बोलली. विचारलं, एवढी आनंदाची गोष्ट, मला का नाही सांगितली? ती कणीक मळत होती. मान वर केली नाही.

"तुमी पयले 'कोनाचं' म्हून इचारसान, असं वाटे. म्हून नाई सांगतलं."

मी असं कधीच विचारलं नसतं. नसतंच विचारलं.

१९ मार्च

भागिरथाबाई दारावरून जाता जाता थांबली. गोड आवाजात अंजनाला म्हणाली, "लेकरू कोनावर जाईन वं?"

दादा आणि मी, दोघंही बापावर गेलेलो. तेच नाक, तेच कान.