आईवर गेली म्हणे!

१४ जून, शुक्रवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला, पण घरमालकीण अजून उपकार बोलून दाखवते. भाओजींचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र वाचलं आणि डबा तसाच राहिला. वर्षभरात तुझी चिमणी बोटभरही वाढली नाही, शाळेच्या रांगेत तिला सगळ्यांत पुढे उभी करतात, आणि तुझ्या सासूबाई म्हणतात, "आईवर गेली, त्याला कोण काय करणार!" तिच्या वाटचं दूध थोरल्या नातवाच्या पेल्यात जातं, हे मात्र तू शेवटच्या ओळीत, सहज म्हणून लिहिलंस. आणि तू गप्प! अगं, तोंड कशाला दिलंय देवाने?

इथे दवाखान्यातही तेच. मुलांच्या उंचीच्या पाहणीत मी फॉर्म भरते, तुला माहीतच आहे. दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांनी रक्तातलं वाढीचं संप्रेरक, म्हणजे हाडांना 'लांब व्हा' असा निरोप देणारं रसायन, किती चढतं ते आम्ही बघतो. फॉर्मात प्रश्न आहे, "घरात आठवड्याला किती येतं?" आलेल्या आकड्याला माणसांनी भागायचं, की झालं. परवा आठ वर्षांची एक मुलगी आली. फॉर्मात अंडी भरपूर, मटण भरपूर. रक्तात निरोप अगदी क्षीण. डॉक्टरसाहेबांनी शेरा मारला, "आहार पुरेसा. ठेंगणेपणा आनुवंशिक."

मी त्या पोरीला विचारलं, "तुझ्या पानात काय असतं गं?"

"रस्सा."

"आणि तुकडे?"

"ते बाबांचे नि दादाचे. मला आवडत नाहीत." मग आईकडे वळून, "आवडत नाहीत ना गं, आई?"

मी तडक साहेबांकडे गेले. म्हटलं, "प्रश्नच चुकलाय. घरात काय येतं ते नको, कुणाला काय वाढतात ते विचारू या."

ते हसले. "बाई, हे संशोधन आहे, पंगत नाही."

"साहेब, पानात वाढणं आणि अंगाने वाढणं, आपल्याकडे शब्द एकच आहे. तो शेरा बदलेपर्यंत मी त्या फॉर्मावर सही करणार नाही."

सध्या मला वजनकाटे पुसायला बसवलंय. पुसते. सही केलेली नाही.

एवढी तावातावाने भांडले खरी, पण तुला लिहायला बसले आणि हात अडला. मला टायफॉइड झाला तेव्हा मी सहाची, तू नऊची. घरात रोज दोन अंडी यायची, एक तुझं, एक माझं. डॉक्टर म्हणाले, धाकटीला महिनाभर दोन द्या. महिन्यात मी ठणठणीत झाले होते, ताई. पण दुसरं अंडं जाईल म्हणून आई ताट घेऊन आली की मी मान टाकायचे, आवाज बारीक करायचे. तीन वर्षं! तूच उकडून, सोलून, वर मीठ घालून द्यायचीस. आई विचारायची, "तुला गं?" तू म्हणायचीस, "मला वास येतो."

तुला वास येत नव्हता. कवचाला चिकटलेलं पांढरं तू नखाने खरवडून खायचीस. मी पाहायचे आणि माझं अंडं आणखी सावकाश खायचे.

तुझी किती बोटं उंची मी खाल्ली, हे कुठलीच तपासणी सांगणार नाही. कदाचित एकही नाही. उंची काही एका अंड्यावर ठरत नाही. पण 'आईवर गेली' हे मी ऐकून घेणार नाही. आईला तिच्या वाटचं मिळालंच नाही, तर लेक नक्की कुणावर गेली?

चिमणीला तपासायला घेऊन ये. आणि आज, याच जेवणाला, तिच्या पानात आधी वाढ. मग स्वतःच्या. सासूबाईंना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, माझ्या चोरीसकट. काही गाळू नकोस. यातली लाज माझी आहे, तुझी नाही.

तुझ्या वाटचं खाऊन उंच झालेली,
तुझी धाकटी