मनगटावरची पट्टी

सोमवार, ४ तारीख

आज शस्त्रक्रिया विभागात रुजू झालो. या वयात नोकरी म्हणजे लोकांना हसायला निमित्तच, पण लेक इथे नर्स आहे, तिने शब्द टाकला आणि काम झालं. सगळे मला मामा म्हणतात. रुग्णाला स्ट्रेचरवरून वॉर्डातून ऑपरेशनच्या दारापर्यंत न्यायचं, एवढंच काम. गुडघे साथ देतील ना, याचीच काळजी. एक चाक कुरकुरत होतं, त्यात तेल सोडलं. हिरवी टोपी घातली तर लेक म्हणाली, बाबा, अगदी कोबीचा गड्डा दिसताय.

मोठ्या सिस्टरनी एक नियम समजावला. रुग्णाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, मनगटावरच्या ओळखीच्या पट्टीवर ठेवायचा. भीतीने माणसं काहीही बरळतात. एकजण म्हणे सांगत होता, मी रुग्ण नाहीच, डबा द्यायला आलोय. सगळे हसले. मीही हसलो.

बुधवार, ६ तारीख

चहाच्या वेळी मोठ्या सिस्टर विभागाच्या बातम्या सांगतात. कुणाला मुलगी झाली, कुणाची रजा संपली. आजची बातमी अशी की भांडारातल्या काकांची वरच्या मजल्यावर बदली झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, सुटलो बाबा, आता तुमच्या हातमोज्यांची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात. भला माणूस. माझ्या वाकड्या पायांना बसतील असे बूट त्यांनीच हुडकून दिले.

गुरुवार, ७ तारीख

सकाळी माझ्या स्ट्रेचरवर काका होते. हाताला पट्टी. माझा हात धरून म्हणाले, मामा, मी हो, मला कुठे नेताय, मला काही झालेलं नाही. मी धावत जाऊन मोठ्या सिस्टरना घेऊन आलो. त्यांनी पट्टी पाहिली, तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, मामा, पहिल्याच आठवड्यात रुग्णाचं ऐकायला लागलात की.

नेलं मी त्यांना. नवी नोकरी, त्यात लेकीचा शब्द.

काका परत आले नाहीत. लेकीला विचारलं तर म्हणाली, कुठले काका? भांडारात कधी कुणी काका नव्हतेच. ऊन लागलं असेल तुम्हाला, पाणी प्या.

मंगळवार, १२ तारीख

काल चहाला फरशी पुसणाऱ्या मावशींच्या बदलीची बातमी. टाळ्या. मी वाजवल्या नाहीत.

आज मावशी स्ट्रेचरवर. रडत होत्या. दारापाशी मी थांबलो, तर आतल्यांनी स्ट्रेचर ओढून घेतलं.

दुपारी सगळ्यांना विचारत फिरलो. फरशी कोण पुसायचं? एकमेकांकडे बघतात. कुणाला आठवत नाही. मला एकट्यालाच का आठवतं?

बुधवार, १३ तारीख

चहाला लेकीचं नाव घेतलं. बढती, वरचा मजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ती लाजली.

तिला बाजूला घेऊन हात जोडले. जाऊ नकोस, आजच्या आज घरी चल. ती चिडली. म्हणाली, बाबा, माझं जरा बरं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?

गुरुवार, १४ तारीख

आज स्ट्रेचरवर तीच आहे. डोळे अर्धवट मिटलेले, सुई दिलीय बहुतेक. पट्टी —

तिच्याच मैत्रिणींनी पट्टी तपासली. तोंड कुणी पाहिलं नाही.

जिन्याच्या वळणावर कुणी नव्हतं. पट्टी कापली. टाकून देणार होतो — पण मोकळं स्ट्रेचर पाहून ते तिला पुन्हा शोधतील. म्हणून माझ्या मनगटाला बांधली, वर चिकटपट्टी.

ती उठून बसली. टोपी सारखी केली. माझ्याकडे न बघता कामावर गेली —

मोठ्या सिस्टर आल्या. मनगट बघितलं. म्हणाल्या, झोपा.

वही चादरीखाली आहे. स्ट्रेचर दुसराच कुणी ओढतोय. त्याला सांगितलं, अरे, मी इथला मामा. तो हसला. म्हणाला, मामा तर मी —

दार उघडलं. मास्कच्या वर तिचे डोळे. मी बाळा म्हणून हाक मारली. ती म्हणाली, घाबरू नका आजोबा, इथे सगळे असंच काही काही बोलतात —

हात धरलाय तिने. पट्टी बघतेय. ओढून काढली तर सुटेन मी — पण मग तिच्या हाताला —

नाही काढत.

बाळा, उद्या चहाला तू जाऊ नको —