त्रिनिदादच्या आजीचा वाफा

मु. पो. मखमलाबाद, नाशिक
घटस्थापनेचा दुसरा दिवस

मनमाड जंक्शनचे निवृत्त गार्ड, आमच्या सौभाग्यवतीचे थोरले बंधू आणि आमच्या दीपमालेचे एकुलते एक मामा श्रीमान चिमाजीअण्णा यांच्या चरणी त्यांचे दाजी सहादू यांचा साष्टांग नमस्कार. (रीत म्हणून साष्टांग लिहिलं नाही. विमानात बसून कंबर अशी धरली आहे की आडवा झालो की आठही अंगं आपोआप टेकतात, आणि उठवायला माणूस लागतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर? अंगणातला पेरू यंदा तरी धरला का, की नुसताच पसरतो आहे? इकडे सगळं क्षेम आहे. टोमॅटो पडला, पण दसऱ्याच्या तोंडावर झेंडूने लाज राखली. तुमची भगिनी प्रतिभा ठणठणीत आहे. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलते, आणि त्याचं कारण तुम्ही आहात.

आता पत्र कशाला, असं तुम्ही चष्मा पुसत म्हणाल. अण्णा, फोन केला तर तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॅपवर लिहिलं तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं सामसूम. पत्र मात्र तुम्ही वाचणार, कारण टपालाने आलेली वस्तू न वाचता ठेवणं म्हणजे सरकारचा अपमान, हे तुमचंच मत आहे. तेव्हा ज्या कामगिरीवर तुम्ही मला धाडलंत तिचा अहवाल सादर करतो. पाणी जवळ घेऊन बसा.

कामगिरी काय होती, ते आधी सांगतो, म्हणजे नंतर तुम्ही शब्द फिरवायला नको. दीपमाला त्रिनिदाद नावाच्या बेटावर कोकोच्या झाडांचा अभ्यास करायला गेली. (ज्याचं चॉकलेट होतं तो कोको. आपल्या सात पिढ्यांनी त्याचं पानही पाहिलं नव्हतं.) तिथल्याच केविन रामलोगन नावाच्या मुलाशी लग्न करीन, असं ती म्हणाली. तुम्ही तिच्यासाठी रेल्वेतलं, क्वार्टरसकट स्थळ आणलं होतंत. ते तिने फोनवरच नाकारलं आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. जाताना म्हणालात, "दाजी, तुम्ही सोता जा, घर बघा, खोड काढा आन मोडून या. नायतर बोहल्याशी हा मामा दिसायचा नाय!" वर निघायचा मुहूर्त काढून दिलात पितृपक्षातला, म्हणजे चुकूनमाकून काही चांगलं ठरायलाच नको. (ही अक्कल रेल्वेत वाया गेली, अण्णा. तुम्ही राजकारणात हवे होतात.)

तर विमानं बदलत बदलत मी त्या बेटावर उतरलो. वाटेत विमानातल्या गारठ्याने नाक असं चोंदलं की फोडणीचा वाससुद्धा येईना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मी कोळ्यांची खोपटी आणि नारळ बघायच्या तयारीने गेलो होतो. नारळ होते. पण केविनच्या गावात शिरलो तर दर घरापुढे बांबू उभे आणि त्यावर लाल, पिवळे, पांढरे झेंडे! मला वाटलं, अख्खं गाव रेल्वेत आहे. दीपमाला म्हणाली, पूजा झाली की घरापुढे झंडी लावायची इथली रीत आहे. या लोकांचे पूर्वज बिहार आणि उत्तर प्रदेशकडून उसाच्या मळ्यांत राबायला जहाजांतून आले, त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. भाषा हळूहळू पुसली गेली, इंग्रजी आली, मुलांची नावं केविन झाली, पण झेंडे राहिले. आणि भाजीपाला राहिला, अण्णा. वांग्याला बैगन, पालेभाजीला भाजी, कारल्याला कराइली. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी सगळ्या घराशी मी भाज्यांतच बोललो आणि माझं कुठेही अडलं नाही.

घरात केविनची आजी. तिला सगळे 'आजी'च म्हणतात, आपल्यासारखंच. काठीसारखी ताठ, तोंडात दात थोडे पण शब्दाला धार, आणि घराची सगळी सूत्रं तिच्या हातात. तिने मला वाढलं, पुन्हा वाढलं, आणि खाताना निरखून पाहिलं. आपण मुलगा बघायला जातो तेव्हा पोराचं घर बघतो. ही म्हातारी माझ्या रूपाने पोरीचं घर बघत होती. खोड काढायला मी गेलो होतो, अण्णा, आणि इथे माझीच खोड निघायची वेळ आली.

निघाली कशी, ते ऐका. तिकडची पहाट आणि आपली पहाट यांचा मेळ नाही, त्यामुळे मला अंधारातच जाग आली. उजाडल्यावर मागच्या अंगणात गेलो. तुम्हाला माळ्याची जात माहीत आहे; पाहुणा म्हणून गेलो तरी हात गप्प बसत नाहीत, आणि फुकटचं खाणं अंगी लागत नाही. झाडाखाली सावलीत एक वाफा होता. वाफा कसला, नुसतं तण माजलेलं! आपल्या पाथरीसारखी जमिनीलगत पसरलेली लांबट पानं, कडेला दाते, हाताला टोचणारी. मनात म्हटलं, म्हातारं माणूस, वाकवत नसेल, कोण निंदणार? खुरपं दिसेना म्हणून स्वयंपाकघरातली पळी घेतली आणि उकिडवा बसून अख्खा वाफा निंदून काढला. एक रोप ठेवलं नाही. वर शहाण्यासारखं काम केलं: उपटलेलं तण पुन्हा धरू नये म्हणून मुळं उन्हाकडे करून बांधावर पालथं घातलं. मग हात धुतले आणि शाबासकीची वाट बघत पायरीवर बसलो.

आजी आली. तिने वाफ्याकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पळीकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "बनधनिया." अण्णा, धनिया या शब्दाला भाषांतर लागत नाही. ती त्यांची रानकोथिंबीर होती! त्या बेटावर कालवण असो, चटणी असो, मासा असो, या पानावाचून चूल पेटत नाही. आणि माझ्या स्वागताला म्हणून त्याच संध्याकाळी सगळी भावकी जेवायला यायची होती. जन्मभर कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या मी, नाशिकच्या मार्केटात नुसत्या वासावरून कालची कोणती आणि आजची कोणती ते सांगतो, आणि सातासमुद्रापलीकडे जाऊन व्याह्यांची कोथिंबीर मुळासकट उपटली. नाक चोंदलं होतं हो! पण ते कोणाला सांगू, आणि कोणत्या भाजीत सांगू?

खरं सांगतो, पहिला विचार तुमचाच आला. म्हटलं, चला, अण्णांचं काम झालं. लग्न मोडायला आलो होतो, तोंडही न उघडता मोडलं. तेवढ्यात दीपमाला आली. पदवी, प्रयोगशाळा, कोको, सगळं बाजूला ठेवून पोर मातीत बसली आणि लहानपणी शिकवलं होतं तशी रोपांची निम्मी पानं खुडायला लागली, म्हणजे उरलेल्याला जीव धरता येईल. केविन धावत जाऊन शेजाऱ्याच्या गाईचं शेण घेऊन आला. (नाक न मुरडता हात शेणात घातला. तुमच्या रेल्वेवाल्या स्थळाने घातला असता का, याचा निवांत विचार करा.) मी शेणमातीचा काला केला, मुळं बुडवली, तिघांनी मिळून सगळी रोपं परत लावली आणि वर केळीच्या पानांची सावली केली. खुडलेल्या पानांवर त्या संध्याकाळचं भावकीचं जेवण कसंबसं निभावलं. पोरीचे डोळे भरले होते आणि ती मान वर करत नव्हती. तेव्हा मला कळलं की हा वाफा जगला पाहिजे. तुमची कामगिरी त्याच वाफ्यात पुरली, अण्णा. क्षमा असावी.

त्यानंतर माझी रोज सकाळी हद्दपारी होऊ लागली. आजीच्या डोळ्यांसमोर मला ठेवायला नको म्हणून केविन गाडी काढी आणि बेट दाखवायला नेई. देश बघायचा योग असा आला! एक डांबराचं तळं आहे. आपोआप जमिनीतून आलेलं डांबर, त्यावर चालत जायचं. पाय किंचित दबतो, गाळातल्या शेतासारखा. (आपल्या रस्त्यावर दर पावसाळ्यात डांबर धुऊन जातं आणि यांच्याकडे न बोलावता वर येतं, याला म्हणतात नशीब.) पण मी बघत होतो ते कडेच्या भेगांत उगवलेलं गवत. म्हटलं, डांबरातून हे उगवतं, तर शेणकाल्यातून ती कोथिंबीर का येणार नाही?

मग समुद्रातलं देऊळ पाहिलं. उसाच्या मळ्यातल्या एका मजुराने जमिनीवर देऊळ बांधलं होतं. जमीन कंपनीची, म्हणून ते पाडलं गेलं. तो म्हणाला असेल, समुद्र तर कोणाच्या सातबाऱ्यावर नाही ना! सायकलवरून दगडमाती वाहून त्याने समुद्रात भराव घातला आणि तिथे देऊळ उभं केलं. कितीतरी वर्षं एकटा खपत होता. मी तिथे हात जोडले, आणि देवाला काय मागितलं ते तुम्ही ओळखलंच असेल. खारफुटीत नावेतून गेलो तर संध्याकाळी लालभडक पक्ष्यांचे थवे येऊन झाडांवर बसले. हिरवं झाड बघता बघता दसऱ्याचं तोरण झालं. सगळ्यांनी फोटो काढले. मी केविनला विचारलं, हे कोवळी रोपं तर खात नाहीत ना? तो म्हणाला, नाही, खेकडे खातात. मग मीही फोटो काढला. एका गावात तेलाची पिंपं ठोकून केलेली वाद्यं वाजवत होते. भंगारातल्या पिंपातून इतका गोड सूर निघतो की आपल्या बँडवाल्यांना बोलावून ऐकवावा. त्यांनी मलाही दोन काठ्या दिल्या. मी वाजवल्यावर काठ्या लगेच परत घेतल्या, पण हसून.

रोज परतलो की मी आधी वाफ्याकडे जाई. आजी आधीच तिथे बसलेली असे. मी बसे. पानं मलूल, मग पिवळी, मग काही गळाली. निघायच्या दोन दिवस आधी केळीचं पान उचललं तर मधल्या गाभ्यातून नखाएवढं हिरवं वर आलेलं. एका रोपाला, मग दुसऱ्याला, मग सगळीकडेच! आजीने ते इवलं पान खुडलं, चुरगाळलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. नाक तोवर मोकळं झालं होतं. अण्णा, आपल्या मळ्याचा वास आला हो. मी सरळ रडलो. आजीने पदर पुढे केला, मग हसायला लागली, आणि मला म्हणाली, "समधी." म्हणजे व्याही. पितृपक्ष तीही पाळते, म्हणून पुढचं काही बोलली नाही.

तर अहवाल एवढाच की घर पाहिलं, माणसं पाहिली, खोड सापडली नाही. जी सापडली ती माझी. तुमचा राग रास्त आहे आणि तुमचा मान मोठा आहे. वहिनींना नमस्कार, पेरूला पाणी कमी घाला.

आपला आज्ञाधारक (आजवर तरी)
सहादू

ता. क. लिहायचं राहिलं. पितृपक्ष संपला आणि काल घट बसताच आजीचा फोन आला, दुभाषी तिथून दीपमाला. हुंडा नको, पत्रिका नको. एकच अट: त्यांच्यात मुलीचा मामा लग्नात लागतोच. "मामू नाही तर लगन नाही," असं तिने दोनदा सांगितलं. दिवाळी झाली की सगळे इकडे घर बघायला येताहेत.

दुसरा ता. क. मी सांगून टाकलं की मामा तयार आहे. तुमचा फोटोही तिथेच दाखवला होता, गणवेशातला, हातात हिरवा झेंडा असलेला. तिकडची रेल्वे बंद पडून जमाना झाला, पण आजी लहानपणी त्या गाडीत बसलेली आहे. फोटो हातात घेऊन ती म्हणाली की ज्याच्या हाती झंडी आहे तो नाही कसा म्हणेल? तो फोटो आता तिच्या देवघरात आहे, आणि तो परत मागायची हिंमत माझ्यात नाही. (मामूही निंदायला बसतो का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, तो फक्त झेंडा दाखवतो. तिचा जीव भांड्यात पडला.)

तिसरा आणि शेवटचा. हा प्रतिभा शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेते आहे. दीपमाला काल आईला म्हणाली, "मामा नसेल तर मी बोहल्यावर चढणारच नाही, आजीची अट असो वा नसो." लहानपणी मनमाडला तुम्ही तिला कडेवर घेऊन हिरवा झेंडा तिच्या हाताने हलवायचात (हे रेल्वेला कळू देऊ नका, पेन्शन अडेल), ते ती विसरलेली नाही. अण्णा, गाडी फलाटावर उभी आहे, माणसं बसली आहेत, सिग्नलही पडला आहे. सगळे मागे वळून तुमच्या डब्याकडे बघताहेत.